स्पॅनिश क्रियापद वर्तमानकाळात कसे चालवावे

स्पॅनिश शिकू लागलेला मराठी माणूस सहा-सहा रूपांचे तक्ते पाहून बिचकतो, कारण ही भाषा आपल्याकडे बहुधा इंग्रजीच्या आधाराने शिकवली जाते आणि इंग्रजीत क्रियापद फारसे बदलत नाही. आपल्या भाषेच्या बाजूने पाहिले, तर वाट बरीच ओळखीची आहे. 'बोलतोस' म्हटले की 'तू' वेगळे सांगावे लागत नाही. स्पॅनिशमध्येही कर्ता क्रियापदाच्या शेवटातूनच कळतो.

प्रथम मूळ रूप घ्यावे. 'बोलणे'मधील 'णे' काढला की 'बोल' हा धातू उरतो, तसेच येथे करायचे. स्पॅनिश क्रियापदांची मूळ रूपे 'आर', 'एर' किंवा 'इर' यांनी संपतात : आब्लार म्हणजे बोलणे, कोमेर म्हणजे खाणे, बिबिर म्हणजे राहणे किंवा जगणे. (आब्लारच्या आरंभी लिहिलेला 'एच' उच्चारला जात नाही आणि बिबिरमधील दोन्ही 'व्ही' अक्षरे 'ब'सारखी उच्चारतात.) शेवट काढल्यावर आब्ल, कोम आणि बिब एवढे धातू हाती राहतात.

आता प्रत्यय जोडावेत. 'आर' गटात मी आब्लो, तू आब्लास, तो किंवा ती आब्ला, आम्ही आब्लामोस, तुम्ही आब्लाइस, ते आब्लान. ही रूपे शाळेतल्या संस्कृतशेजारी ठेवून पाहावीत. 'वदसि'मधील स 'आब्लास'मध्ये आहे, 'वदामः'मधील म 'आब्लामोस'मध्ये आहे, 'वदन्ति'मधील न 'आब्लान'मध्ये आहे. हा योगायोग नव्हे. स्पॅनिशची जननी लॅटिन आणि संस्कृत या एकाच भाषाकुळातल्या आहेत. स्पॅनिशमधील 'तू'सुद्धा उच्चाराने आणि अर्थाने आपला 'तू'च आहे. शिवाय 'बोलतो' आणि 'बोलते' असा लिंगभेद तेथे क्रियापदात नाही, म्हणजे आपले काम उलट हलकेच होते.

'एर' गटात 'आ'च्या जागी 'ए' येतो : कोमो, कोमेस, कोमे, कोमेमोस, कोमेइस, कोमेन. 'इर' गट त्याच्याच मागून चालतो, फक्त 'आम्ही' आणि 'तुम्ही' यांची रूपे वेगळी, बिबिमोस आणि बिबीस. बाकी बिबो, बिबेस, बिबे, बिबेन. 'मी'साठी तिन्ही गटांत 'ओ'च लागतो.

'तुम्ही'बाबत मात्र सावध राहावे. वरची आब्लाइस, कोमेइस, बिबीस ही रूपे स्पेनमध्ये अनेक जणांशी सलगीने बोलताना वापरतात. लॅटिन अमेरिकेत त्यांच्या जागी 'उस्तेदेस' हे सर्वनाम आणि 'ते'चे रूप येते. एका व्यक्तीला आदराने संबोधताना 'उस्तेद' म्हणतात आणि क्रियापद 'तो'चे लावतात : उस्तेद आब्ला. हा शब्द 'आपली कृपा' अशा अर्थाच्या जुन्या संबोधनातून घडला आहे आणि कृपा ही तृतीयपुरुषी, हे ध्यानात ठेवले की रूप चुकत नाही.

माझ्या मते तक्त्यापेक्षा आघाताकडे अधिक लक्ष द्यायला हवे, कारण नवशिक्यांची खरी फसगत तेथे होते. 'आब्लो'मध्ये जोर 'आब्'वर दिला, तर अर्थ होतो 'मी बोलतो'. तोच जोर शेवटच्या 'लो'वर गेला, तर 'तो बोलला'. लिहिताना या दुसऱ्या रूपातील 'ओ'वर तिरकी रेघ देतात. वर्तमानकाळात 'आम्ही' आणि 'तुम्ही' यांच्या रूपांतच जोर प्रत्ययावर सरकतो, इतर चारांत तो धातूवर राहतो. म्हणून रूपे केवळ वहीत न उतरवता मोठ्याने म्हणावीत.

सरावासाठी त्राबाखार (काम करणे), आप्रेंदेर (शिकणे) आणि एस्क्रिबिर (लिहिणे) घ्यावीत. तिन्ही नियमित आहेत. सर्वनाम न लावता छोटी वाक्ये करावीत : 'बिबो एन पुणे', म्हणजे मी पुण्यात राहतो किंवा राहते. सेर (असणे) आणि इर (जाणे) ही अनियमित क्रियापदे मात्र या साच्यात बसवू नयेत. त्यांची रूपे स्वतंत्रपणेच पाठ करावी लागतात.