घाटावरचे दिवे, तालमीतला अंधार: फोटो काढताना आणि पाठवताना या चुका टाळा

कोल्हापुरात कुणी ग्रुपवर बरा फोटो टाकला की खाली पहिला प्रश्न ठरलेला: "भावा, कॅमेरा कुठला?" किती वाजता काढलास, उजेड कुठल्या बाजूनं होता, हे सहसा कुणी विचारत नाही. खरं तर उजेडाची दिशा या गावाला शिकवायला नको. ९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १, २ फेब्रुवारी या तारखांना मावळतीची किरणं महाद्वारातून अंबाबाईपर्यंत पोचतात का, याकडे अख्ख्या शहराचं लक्ष असतं. ढग आडवा आला किंवा हवेत धूळ आणि बाष्प वाढलं की किरणं मधेच अडतात, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण हातात मोबाईल आला की हे सगळं विसरून आपण ऑटोवर, म्हणजे सगळं कॅमेऱ्यानंच ठरवण्यावर, भरवसा टाकतो.

ऑटो वाईट नाही. त्याचे अंदाज कुठे चुकतात एवढं माहीत पाहिजे.

काळ्या दगडाला राखाडी करू नका

कॅमेऱ्यातला प्रकाशमापक समोरचं दृश्य साधारण मध्यम करड्या रंगाचं आहे असं धरून चालतो. कोल्हापूर मात्र काळ्या दगडाचं गाव. १८७७ ते १८८४ या काळात बांधलेला न्यू पॅलेस घ्या, नाहीतर अंबाबाईच्या देवळाचं बाहेरून दिसणारं बांधकाम घ्या. फ्रेममध्ये काळा पाषाण भरला की कॅमेऱ्याला वाटतं उजेड कमी आहे आणि तो एक्स्पोजर, म्हणजे आत घ्यायचा उजेड, वाढवतो. दगड राखेसारखा दिसतो, आभाळ पांढरंफटक पडतं आणि कोरीवकाम सपाट होतं. उपाय सोपा आहे. कॅमेऱ्यात एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (ऑटोनं ठरवलेला उजेड कमी-जास्त करायची सोय) उणे पाऊण ते उणे एकवर न्या. मोबाईलवर दगडावर बोट टेकवा आणि बाजूला येणारं सूर्याचं चिन्ह खाली ओढा. दुपारी बारालाच जायचं असेल तर मात्र कितीही ओढा, कोरीवकामाला सावली मिळणार नाही. सकाळी किंवा चारनंतर तिरपं ऊन असतं तेव्हा जा.

पन्हाळ्याच्या धुक्यात नेमकं उलटं होतं. सगळं पांढरं म्हणून कॅमेरा एक्स्पोजर कमी करतो आणि धुकं मळकं दिसतं. तिथे अधिक एक. धुक्यात ऑटोफोकस पुढे-मागे भरकटतो, तेव्हा त्याला तटबंदीची कड किंवा एखाद्या झाडाचं खोड दाखवा. कुठेतरी ठळक रेघ दिसली की तो पकड घेतो.

रंकाळ्यावर सूर्य बुडाला की पिशवी आवरू नका

रंकाळा तलावाच्या चौपाटीवर संध्याकाळी दोन चुका हमखास दिसतात. पहिली म्हणजे मावळत्या सूर्याकडे पाठ करून माणसं उभी करायची आणि चेहरे काळे आले म्हणून मोबाईलला शिव्या घालायच्या. सूर्य आणि चेहरा दोन्ही नीट यायला हवेत असा हट्ट धरला की मोबाईल एचडीआर (उजळ आणि अंधारे भाग एकत्र जुळवणारी सोय) लावून दोन्हीची खिचडी करतो. आभाळ फिकं आणि चेहरे मेणाचे. आधी ठरवा, आभाळ हवंय की माणूस. आभाळ हवं असेल तर आभाळावर बोट दाबून धरा, फोकस आणि एक्स्पोजर लॉक करा आणि थोडं खाली ओढा. माणसं काळ्या आकृती होतील, होऊ द्या. माणूस हवा असेल तर त्यालाच सूर्याकडे तोंड करायला सांगा. त्या वेळचा उजेड फुकट मिळतो आणि स्टुडिओतल्या दिव्यापेक्षा मऊ असतो.

दुसरी चूक घाईची. सूर्य बुडाला की लोक भेळेच्या गाड्याकडे वळतात. त्यानंतरची पंधरा-वीस मिनिटं आभाळ गडद निळं होतं आणि काठावरच्या दिव्यांचा उजेड त्याच्या तोडीस तोड येतो. पाण्यात दोन्ही दिसतात. त्याच्या आधी दिवे फिके, नंतर आभाळ काळं. या वेळी व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाच्या रंगाचा हिशोब, ऑटोवर ठेवला तर कॅमेरा पिवळेपणा 'दुरुस्त' करायला जातो आणि संध्याकाळ धुऊन टाकतो. सूर्याच्या चिन्हावर, म्हणजे साधारण ५५०० केल्विनवर, तो पक्का करा.

पंचगंगेचा घाट: सगळ्यात जास्त फोटो इथेच बिघडतात

त्रिपुरारी पौर्णिमेच्या पहाटे घाटावर पणत्या लागतात आणि सगळं शहर मोबाईल घेऊन खाली उतरतं. इथल्या चुका जरा सविस्तर बघू, कारण दिव्यांच्या उजेडात जे चुकतं तेच पुढे लग्नात, हळदीत, दिवाळीतही चुकतं.

फ्लॅश आधी बंद. मोबाईलचा फ्लॅश चार पावलांपलीकडे पोचत नाही. समोरच्याचं डोकं पांढरं होतं आणि त्यामागचा अख्खा घाट काळोखात जातो. पणतीचा तांबूस उजेड टिपायला आलो आणि त्यावर पांढरा झोत मारला, असा तो प्रकार.

मग लेन्स. पणत्या लावून आलेल्या हाताला तेल असतं, तोच हात मोबाईलच्या मागे फिरतो. दिवसा हे कळत नाही. अंधारात मात्र प्रत्येक ज्योतीतून लांबच लांब रेघा निघतात आणि सगळ्या फोटोवर दुधाळ पडदा येतो. 'माझा मोबाईल रात्री चालत नाही' म्हणणाऱ्यांच्या हातून मोबाईल घेऊन काच मऊ सुती कापडानं पुसावी, निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. पुसूनही ज्योतीच्या तिरक्या समोर हिरवट ठिपके दिसत असतील तर ती लेन्समध्ये आतल्या आत उमटणारी परावर्तनं आहेत. ती पुसून जात नाहीत. मोबाईल थोडा कलता करा किंवा सगळ्यात तेज दिवा फ्रेमबाहेर घ्या.

नाइट मोड एका फोटोसाठी पाठोपाठ अनेक फ्रेम घेऊन त्या एकत्र करतो. घाटाचा दगड, पायऱ्या, दीपमाळ अशा हलत नसलेल्या गोष्टींना तो उत्तम. पण वाकून पणती ठेवणाऱ्या बाईचा हात त्या दोन-तीन सेकंदांत तीन ठिकाणी असतो, म्हणून तो धूसर येतो. माणसं टिपायची असतील तर नाइट मोड बंद करा आणि माणसाला पणतीजवळ येऊ द्या. वीतभर अंतरावरून ज्योतीचा उजेड चेहऱ्यावर पुरेसा पडतो. एक्स्पोजर चेहऱ्यावर धरा. ज्योत पांढरी झाली तरी चालते, ज्योत कशी असते हे बघणाऱ्याला ठाऊक आहे.

झूमची गंमत वेगळी. मोबाईलवर तीन पट किंवा पाच पट दाबलं म्हणजे दूरचं जवळ आणणारी टेलिफोटो लेन्स लागलीच असं नाही. त्या लेन्समागचा सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारा भाग, छोटा असतो, म्हणून उजेड कमी असेल तर पुष्कळ मोबाईल न सांगता मुख्य कॅमेऱ्याचाच फोटो कापून मोठा करून देतात. त्यामुळे पाण्यावरचे दिवे रंगाचे डाग वाटतात. एक पटवर राहा आणि दोन पायऱ्या खाली उतरा.

कॅमेरा असेल तर एफ/१.८ किंवा एफ/२.८ (लेन्सचं भोक, आकडा लहान तितकं ते मोठं), आयएसओ १६०० (आकडा मोठा तितका फोटो उजळ), शटर १/६० (सेकंदाचा साठावा भाग) इथून सुरुवात करा आणि मागच्या पडद्यावर विसंबू नका. अंधारात तो पडदा डोळ्यांना झगझगीत वाटतो, फोटो उजळ आलाय असं वाटून आपण खूश होतो आणि घरी संगणकावर सगळं काळं निघतं. पडद्याचा उजेड कमी करा किंवा हिस्टोग्राम (उजेड-अंधाराचा आलेख) बघा, तो थापा मारत नाही. गर्दीत ट्रायपॉड पसरून लोकांची वाट अडवू नका. दगडी कठड्यावर कॅमेरा टेकवा आणि दोन सेकंदांचा टायमर लावा, म्हणजे बटण दाबतानाचा धक्काही बसत नाही.

आणि उशिरा जाऊ नका. रंकाळ्यावर संध्याकाळी जी निळाई मिळते तीच इथे पहाटे असते. आभाळ उजळायला लागलं की पणत्या हरतात.

तालमीत: पट्ट्या, हिरवे चेहरे आणि हललेले पैलवान

तांबडी माती, एखाद-दुसरी खिडकी आणि वर ट्यूब. कोल्हापूरच्या तालमींतला उजेड हा असा. वस्तादांची परवानगी घेतली, फ्लॅश बंद ठेवला, तरी फोटोत आडव्या काळ्या पट्ट्या येतात आणि लोक कॅमेरा दुरुस्तीला नेतात. कॅमेऱ्याचा दोष नाही. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यावरच्या ट्यूब आणि बरेच एलईडी सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. डोळ्याला ते दिसत नाही, पण १/५०० चं शटर एखाद्या लुकलुकीचा तुकडाच पकडतं. शटर १/१०० किंवा १/५० ठेवलं की पट्ट्या जातात. इलेक्ट्रॉनिक शटर चालू असेल तर मेकॅनिकल करा. नव्या कॅमेऱ्यांत लुकलुक टाळणारं अँटी-फ्लिकर असतं, ते चालू करा. मोबाईलच्या कॅमेरा सेटिंगमध्ये ६० हर्ट्झ असेल तर ५० करा.

"पण १/१०० वर कुस्ती हलते की!" हलते. म्हणून डाव पडताना बटण दाबू नका, त्याआधी दाबा. दोघं मानेवर हात टाकून, कपाळाला कपाळ लावून एकमेकांचा अंदाज घेत थांबतात. पाठीवर माती चिकटलेली, दंडाची शीर फुगलेली, पावलाचा अंगठा मातीत रुतलेला. तो क्षण १/१०० वर स्वच्छ येतो आणि हवेत उडालेल्या पैलवानापेक्षा त्यात कुस्ती जास्त असते असं माझं मत. अगदी डावच हवा असेल तर खिडकीच्या बाजूला बसा, आयएसओ बिनधास्त ३२०० किंवा ६४०० करा. दाणेदार फोटो बघवतो, हललेला बघवत नाही.

कॅमेऱ्यासोबत आलेली १८-५५ लेन्स इथे कमी पडते. पूर्ण झूमवर ती एफ/५.६ वर असते. ५० मिमी एफ/१.८ ची साधी लेन्स तिच्या नऊ-दहा पट उजेड आत घेते. नव्या बॉडीसाठी (लेन्सशिवायच्या नुसत्या कॅमेऱ्यासाठी) पैसे साठवणाऱ्यांनी आधी ही घ्यावी.

तांबडी माती आणि ट्यूबचा हिरवट उजेड यांत ऑटो व्हाइट बॅलन्स गोंधळतो, कातडी आजारी दिसते. रॉ फॉरमॅटमध्ये, म्हणजे सेन्सरनं टिपलेलं सगळं ठेवणाऱ्या फाईलमध्ये, काढा, रंग नंतर सुधारता येतो. नेहमीच्या, दाबून लहान केलेल्या जेपेगमध्ये तेवढी जागा उरत नाही.

शाहू स्टेडियमवर पेठांच्या फुटबॉलला याचं निम्मंच ओझं. सामना उन्हात सुरू होतो आणि सावलीत संपतो, एवढंच लक्षात ठेवायचं. शटर १/१००० वर पक्कं करा आणि आयएसओ ऑटोवर सोडा.

गुलाल, लेझर आणि पाऊस

जोतिबाच्या यात्रेत डोंगरावर लेन्स बदलायची नाही, म्हणजे नाही. गुलाल बारीक असतो, सेन्सरवर बसला की निघता निघत नाही. काचेवर पडला तर रुमालानं घासू नका, आधी ब्लोअरनं (हवा मारणाऱ्या रबरी फुग्यानं) उडवा. चांगभलं म्हणत उधळलेला गुलाल दिसायला हवा तर सूर्य गुलालाच्या मागे घ्या. ऊन आपल्या पाठीमागून येत असेल तर त्याचा नुसता गुलाबी धुरळा दिसतो.

गुऱ्हाळात काहिलीच्या (उसाचा रस उकळायच्या मोठ्या कढईच्या) वाफेवर फ्लॅश मारलात तर वाफेचे पांढरे लोटच येतील, गुळव्या दिसणारच नाही. तिथेही उजेड मागूनच.

मिरवणुकीतल्या लेझरचा झोत थेट लेन्समध्ये गेला तर सेन्सर कायमचा जळू शकतो. एक उभी रेघ किंवा ठिपका पुढे प्रत्येक फोटोत राहतो. डोळ्यांनाही ते घातकच. लेझर फिरत असेल तर कॅमेरा खाली. फोटो गेला तर गेला.

गगनबावड्याला एसी गाडीतून उतरल्या उतरल्या कॅमेरा काढलात तर काचेवर लगेच दव धरतं. दहा-पंधरा मिनिटं तो पिशवीतच राहू द्या. पावसाळाभर कपाटात बंद ठेवलेल्या लेन्समध्ये बुरशीचं जाळं धरतं. हवाबंद डबा, त्यात सिलिका जेल, आणि अधूनमधून लेन्स बाहेर काढून वापरायची.

एवढं करून फोटो पाठवताना मातीत घालू नका

चार-पाच एमबीचा फोटो व्हॉट्सअॅपवरून साधा पाठवला की काहीशे केबीचा होतो. उन्हातल्या फोटोला ते खपून जातं. पहाटेच्या घाटावरचा फोटो मात्र फाटतो, आभाळाच्या निळ्या छटांचे पायरीसारखे पट्टे दिसायला लागतात. फोटो पाठवताना एचडी निवडा. छापायला द्यायचा असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. पुढे ढकललेला फोटो पुन्हा सेव्ह करून, त्यावर फिल्टर मारून, त्याचा स्क्रीनशॉट पुढे पाठवणाऱ्यांना माझा दुरूनच नमस्कार.

कॅमेऱ्यातून काढलेला फोटो संगणकावर भडक आणि मोबाईलवर मरगळलेला दिसत असेल तर कॅमेऱ्यात अॅडोबी आरजीबी ही रंगांची पद्धत चालू आहे का बघा. नेटवर टाकायचा फोटो एसआरजीबी या सगळीकडे चालणाऱ्या पद्धतीतच एक्स्पोर्ट करा. इन्स्टाग्रामसाठी रुंदी आपणच १०८० पिक्सेल करून टाकली तर तो फोटो दाबून बिघडवणं कमी होतं.

डॉक्युमेंट म्हणून पाठवलेल्या फाईलसोबत काढल्याची वेळ, लेन्स, शटर आणि लोकेशन चालू असेल तर ठिकाणही जातं. शिकणाऱ्यांच्या ग्रुपवर पहिल्या तीन गोष्टी सोन्यासारख्या, त्या फोटोखाली लिहाच: 'पहाटे सहा, पणतीचा उजेड, ५० मिमी, १/६०'. म्हणजे "कॅमेरा कुठला" याच्या पुढे गप्पा सरकतील. ठिकाण मात्र विचार करून पाठवा. घरातल्या लेकरांचे फोटो किंवा दाजीपूरच्या जंगलात गवा नेमका कुठे पाण्यावर येतो त्याचा फोटो असेल तर लोकेशन काढून टाका. आणि तालमीत सराव करणाऱ्या पोरांचे फोटो ग्रुपवर टाकण्याआधी वस्तादांना एकदा दाखवा.