इन्व्हर्शन टेबल: कलायचं किती, परतायचं कसं

माझ्या टेबलाबरोबर आलेली माहितीपुस्तिका रशियन भाषेत होती. गोव्यात मांद्र्याला हंगामभर राहिलेला एक रशियन पाहुणा मायदेशी परतताना सामान विकत होता: स्कूटर, मिक्सर, दोन गाद्या आणि हे टेबल. मी गेलो होतो स्कूटर बघायला. साडेचार हजारांना टेबल घेतलं, पिकअपच्या हौद्यात आडवं घातलं आणि डिचोलीला आलो. बायको म्हणाली, "हे काय आणलंत? इस्त्रीचं टेबल?" पाय अडकवून मागे कलायचं, मग कंबर मोकळी होते, असं मी तिला सांगितलं. त्याच्यापलीकडे मलाही काही ठाऊक नव्हतं, आणि त्याची किंमत मी पहिल्याच संध्याकाळी मोजली. ते पुढे येईलच.

आमच्या तालुक्यात पन्नाशी ओलांडलेल्या पुरुषाला कंबरेचं विचारू नये. सोळा वर्षं मी खनिजाचा ट्रक चालवला. खाणीवर माल भरायचा, आमोणे-न्हावेलीच्या जेटीवर ओतायचा, की परत. खेपेला दहा टन, आणि रस्त्यातला प्रत्येक खड्डा सीटमधून थेट माकडहाडात. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या, मधे सुरू झाल्या, २०१८ च्या मार्चमध्ये पुन्हा थांबल्या. ट्रक विकला. कंबर कोण विकत घेणार? आता शाळेचा बालरथ, म्हणजे पोरांची बस, चालवतो. एका चतुर्थीला माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर फळं टांगायची लाकडी चौकट, बांधत होतो, हात वर, मान वर, नारळांची पेंड चौकटीला अडकवतोय, आणि कंबरेतून कळ निघाली ती उजव्या पोटरीपर्यंत. त्या वर्षी आरती मी खुर्चीत बसून म्हटली.

बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, एमआरआय झाला. कंबरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यामधली चकती मागच्या बाजूला फुगून नसेला टेकली होती. ऑपरेशनची गरज नाही, हिंडतंफिरतं राहा, व्यायाम करा, असं डॉक्टरांनी सांगितलं. टेबलाचा विषय मी काढला तो डिचोलीतल्या फिजिओथेरपीच्या बाईंकडे. त्यांनी आधी माझा रक्तदाब मोजला, मग डोळ्यांचं विचारलं. मला वाटलं, दुखतंय कंबरेत आणि या डोळ्यांत काय बघतात!

तर सुरुवात तिथूनच करा. डोकं खाली गेलं की रक्तदाबाचा आणि डोळ्यांचा संबंध येतोच. शीर्षासनात डोळ्यातला दाब दुपटीच्या आसपास जातो. काचबिंदू असेल, डोळ्याचा पडदा सुटलेला असेल किंवा नुकतंच डोळ्याचं ऑपरेशन झालं असेल, तर टेबलाकडे फिरकू नका. उच्च रक्तदाब, हृदयविकार, पूर्वी आलेला पक्षाघाताचा झटका, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, हर्निया, ठिसूळ हाडं, चक्कर येण्याचा किंवा कानाचा त्रास, गरोदरपण, यांतलं काहीही असेल तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. जेवणानंतर आंबट पाणी वर येणाऱ्यांनाही हे मानवत नाही. आणि कंबरदुखीबरोबर लघवीवरचा ताबा जात असेल, जांघेत, बसायच्या जागी बधिरपणा येत असेल, पाऊल उचलताना लुळं पडत असेल, तर टेबल नाही, मालीश नाही, गावठी औषध नाही. त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. पडल्यानंतर सुरू झालेलं दुखणं किंवा ताप येऊन दुखणारी कंबर, तीही आधी दाखवूनच घ्या.

या चाळणीतून पार झालात तर टेबल काय करतं ते ऐका. मणक्यांमधल्या चकत्या दिवसभर वजनाखाली दबतात आणि रात्री आडवं झाल्यावर पाणी शोषून पुन्हा फुगतात. म्हणून सकाळी उठल्यावर माणूस रात्रीपेक्षा साधारण सेंटीमीटरभर उंच असतो. टेबलावर घोटे अडकवून मागे कललं की कंबरेच्या वरचं धड स्वतःच्याच वजनानं खाली ओढतं आणि मणक्यांवरचा दाब तेवढा वेळ कमी होतो. माझं वजन बहात्तर किलो. त्यातलं अर्धं कंबरेच्या वर धरा, म्हणजे छत्तीस. तीस अंशांत कललो की त्याचं निम्मं, अठरा किलो, मणका ताणायच्या दिशेला लागतं. पाठ गादीला घासते म्हणून प्रत्यक्षात त्याहून कमी. साठ अंशांत हाच आकडा एकतीसवर जातो. पूर्ण उलटं टांगून घेतलं तर छत्तीस. साठापासून नव्वदापर्यंत हाती लागतात फक्त पाच किलो, आणि त्यासाठी सगळं रक्त डोक्यात उतरवायचं. ट्रकवाल्याला हा व्यवहार परवडत नाही.

बाईंनी दुसरी बाजूही सांगितली. २०१२ मध्ये इंग्लंडातल्या न्यूकॅसलच्या डॉक्टरांची एक छोटी चाचणी छापून आली. चकतीमुळे ऑपरेशनच्या रांगेत असलेल्या थोड्या रुग्णांना तिथं असं टेबल दिलं, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांचं ऑपरेशन टळलं. पण पुढच्याच वर्षी कॉक्रेन या वैद्यकीय चाचण्या पडताळणाऱ्या संस्थेच्या अभ्यासकांनी कंबर ताणण्याच्या उपचारांवरच्या ३२ चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा फार फरक पडतो असं काही दिसलं नाही. म्हणून मी कोणालाही टेबल म्हणजे औषध असं सांगत नाही. मला त्यातून तास-दीड तासाची मोकळीक मिळते आणि त्या मोकळिकीत चालणं होतं, एवढंच.

आता ती पहिली संध्याकाळ. पायाकडच्या दांड्याला उंचीनुसार भोकं असतात. विकणारा सहा फुटांच्या वरचा, मी पाच फूट पाच. त्याच्याच मापावर मी चढलो, मागे रेललो, आणि टेबल हललंच नाही. वैतागून मी दांडा एकदम चार भोकं आत सारला. पुन्हा चढलो, हात डोक्यावर नेले, आणि क्षणात वसरीचं छप्पर पायांखाली. मोबाईल खिशातून पडला, चष्मा कपाळावर. मान उचलून वर यायचा प्रयत्न केला, जमेना. बायको डाव हातात घेऊन बाहेर आली आणि आधी हसली. मग शेजारच्या पोराला हाक मारली, दोघांनी मिळून टेबल सरळ केलं. मी झटकन उठून उभा राहिलो, डोळ्यांपुढे काजवे चमकले, आणि खांब धरून खाली बसलो.

त्या एका फेरीत चार चुका होत्या.

पहिली चूक मापाची. पाय जिथे अडकतात ती जागा टेबलाच्या बिजागरीपासून लांब गेली की पायांची बाजू जड होते आणि टेबल कलत नाही. जवळ आली की डोक्याची बाजू जड होते आणि माणूस आपटल्यासारखा खाली जातो. म्हणून आधी टेबलावरच्या पट्टीत आपली उंची बघून दांडा लावा, मग तोल तपासा. दोन्ही हात छातीवर घडी घालून मागे रेलायचं. टेबल जागचं हळूच सुटलं आणि आडव्याच्या आसपास येऊन थबकलं, तर माप बरोबर. डोकं भसकन खाली जात असेल तर दांडा एक भोक बाहेर. हलतच नसेल तर एक भोक आत. एका वेळी एकच भोक, माझ्यासारखी चार नाहीत. बायकोची उंची वेगळी, मुलाची वेगळी; दुसरं कोणी वापरून गेलं की आपलं भोक परत बघायचं. मी माझ्या भोकाजवळ लाल नेलपॉलिशचा ठिपका दिलाय.

दुसरी चूक पट्ट्याची. टेबलाखाली एक लांब पट्टा असतो, तो बांधला की ठरवलेल्या कलाच्या पुढे टेबल जाऊच शकत नाही. रशियनांच्या पुस्तिकेत त्याचं चित्र होतं, मी त्याला सामान बांधायची दोरी समजून काढून ठेवला होता. पहिला आठवडा तो वीस अंशांच्या पुढे जाऊ देऊ नका. वीस अंश म्हणजे किती? डोकं पायांपेक्षा जरासं खाली, सलूनच्या खुर्चीत दाढीसाठी मागे रेलतो त्याहून थोडं जास्त. बघणाऱ्याला वाटेल, हा नुसता झोपलाय. वाटू दे.

घोट्यांची पकड नीट बसायला हवी. अनवाणी किंवा चपलेत चढू नका, नाडीचे बूट घाला, टाच टेकवून मागची पकड आवळा आणि खटका बसल्याचा आवाज ऐका. मग हातानं हलवून बघा. मी रोज बघतो, जसा खेपेआधी टायरला लाथ मारून बघायचो. खिसे रिकामे. जेवून दोन तास झालेले असावेत. दुपारच्या हुमण-भातानंतर तर विसराच. फरशी सपाट हवी, डोक्याच्या आणि पायांच्या बाजूला अंगभर मोकळी जागा हवी, आणि पहिले काही दिवस घरात दुसरं माणूस हवं. टेबलावर किती वजन चालतं ते लिहिलेलं असतं, माझ्यावर १३६ किलो लिहिलंय.

मग कलायचं कसं? हात छातीवर ठेवून रेला. एक हात सावकाश डोक्याच्या दिशेला न्या. तेवढ्यानं टेबल झुकतं. गरज पडली तर दुसरा हात. हातांचं वजन हाच इथला ॲक्सिलरेटर. पट्टा ताणला गेला की थांबा, हात सैल सोडा, श्वास चालू ठेवा. दम धरून पडलात तर पाठीचे स्नायू आवळतात आणि सगळा खेळ फुकट जातो. पहिल्या दिवशी एक मिनिट. मी घड्याळ न बघता श्वास मोजतो, वीस झाले की पुरे. आठवडाभरानं दोन मिनिटं, मग तीन, मग कल तीस अंश. मला चार महिने झालेत, मी पंचेचाळिसाच्या पुढे गेलेलो नाही आणि एका वेळी पाच मिनिटांवर राहत नाही. डोक्यात ठोके जाणवले, डोळ्यांवर ताण आला, मळमळलं, पायात मुंग्या वाढल्या, तर तिथंच परत. पोटरीतली कळ कंबरेकडे सरकत कमी होत असेल तर बरं लक्षण. पायात आणखी खाली उतरत असेल तर टेबल बंद ठेवा आणि दाखवून घ्या.

परतायचं मात्र नीट शिका, कारण माझी तिसरी आणि चौथी चूक तिथलीच. घाटात ज्या गिअरला चढलो त्याच गिअरला उतरायचं, हे माझ्या उस्तादानं पहिल्या दिवशी सांगितलं होतं. टेबलावर मी ते विसरलो. वर यायला मान उचलायची नाही. हात शरीराशी, मांड्यांवर आणायचे, गुडघे थोडे वाकवायचे. वजन पायांकडे सरकतं आणि टेबल आपोआप उठतं. आडवं झालं की तिथंच थांबायचं, निदान मिनिटभर. कमरेखालचे स्नायू तोवर पुन्हा वजन घ्यायला तयार होतात आणि डोक्यातलं रक्तही जागेवर येतं. मग उभ्यापर्यंत या, घोटे सोडवा, आणि टेबलाची कड धरून दहा आकडे मोजा. घाईनं उतरलात तर मोकळी झालेली कंबर खाली टेकताच परत आवळते. मला तसं झालंय, दोनदा.

उतरल्यावर सोफ्यावर बसलात तर काही मिळालं नाही. मी लगेच पंधरा मिनिटं चालतो, तळ्याच्या रस्त्यानं, मग बाईंनी शिकवलेले व्यायाम: पाठीवर पडून गुडघे वाकवून कंबर उचलणं, आणि हातापायांवर ओणवं होऊन एका बाजूचा हात पुढे अन् दुसऱ्या बाजूचा पाय मागे लांबवणं. पोट आणि पाठ धरून ठेवणारे स्नायू यांनी घट्ट होतात. ते टेबलानं होत नाहीत.

पावसाळ्यात वसरीतलं लोखंड गंजतं. आषाढात माझ्या घोट्यांच्या खटक्याची स्प्रिंग अडकली, खटका बसला असं वाटलं पण बसला नव्हता. हलवून बघायची सवय होती म्हणून वाचलो. आता जूनपासून टेबल आत, बिजागरीला तेल, बोल्ट महिन्यातून एकदा पान्यानं आवळायचे.

मेव्हण्याला काचबिंदू आहे. त्याला टेबलाची फार हौस, मी हात लावू दिला नाही. तो आला की चटईवर पाठीवर पडतो आणि पोटऱ्या खुर्चीच्या बैठकीवर ठेवतो, गुडघे काटकोनात. कंबरेवरचा भार त्यानंही हलका होतो, डोकं खाली जात नाही, पैसे लागत नाहीत. दहा मिनिटं तो तसा पडतो, शेजारी मी कललेला. तिकडून बायको विचारते, चहा कुणाला, आणि आम्ही दोघं छताकडे बघत म्हणतो, उतरल्यावर.