अलास्कात हॅलिबट मासा पकडायला जाताय? आधी वार पाहा

होमर किंवा सेवर्ड या बंदरांवरची चार्टर बोट (गाईडसह भाड्याने मिळणारी मासेमारीची बोट) ठरवताना बहुतेक जण आधी विमानाचं तिकीट काढतात आणि नेमका बंदीचा वार पदरात पडतो. गाईडसोबतच्या बोटींना या भागात गेली अनेक वर्षं बुधवारी पकडलेला हॅलिबट ठेवता येत नाही. काही वर्षी हंगामातले काही मंगळवारही बंद असतात.

१. त्या वर्षीचे चार्टरचे नियम आधी वाचा, मगच तारखा ठरवा.
२. लागून दोन खुले दिवस धरा. वाऱ्यामुळे एक फेरी रद्द झाली तरी दुसरा दिवस हातात राहतो.
३. मासेमारीचा परवाना ऑनलाइन काढा. किंग सामन (सामन माशाची मोठी जात) हवा असेल तर त्याचा वेगळा स्टँपही (परवान्यासोबतची जादा परवानगी) घ्या.

स्वतःच्या बोटीने जाणाऱ्या मित्राचे नियम तुम्हाला लागू नाहीत. चार्टरवर ठेवायच्या माशांना लांबीची अटही असते.