सर्कशीच्या दालनात चेंडू का पडतात? या चुका टाळा

संग्रहालयातल्या सर्कशीच्या दालनात ‘हात लावून बघा’ अशी पाटी दिसली की आपली कोल्हापूरची पोरं थेट ताकद लावतात. तालमीची सवय! इथं नेमकी तीच आडवी येते. तशी सर्कस आपल्याला परकी नाही. कुरुंदवाडच्या संस्थानिकांच्या पदरी घोडे शिकवणाऱ्या विष्णुपंत छत्र्यांनीच १८८० मध्ये भारतीय सर्कस उभी केली.

सगळ्यात जास्त फजिती तीन चेंडूंची. दुसरा चेंडू वर न फेकता बहुतेक जण तो खालून पटकन दुसऱ्या हातात सरकवतात. लहानपणी दोन चिंचोक्यांवर लागलेली ही खोड, सुटता सुटत नाही. मग तिसऱ्याला वाटच उरत नाही. आधी दोनच घ्या. पहिला डोळ्यांच्या उंचीपर्यंत पोचला की दुसरा त्याच्या आतून सोडा, दोन्ही झेला आणि थांबा. हे जमेपर्यंत तिसऱ्याला हात लावू नका. नजर हातावर नको, चेंडू जिथून खाली वळतो तिथं हवी. फेकता फेकता पुढं पळायला होत असेल तर भिंतीकडं तोंड करून उभं राहा. चेंडू पुढं टाकायची सोयच राहत नाही. घरच्या सरावाला ज्वारी भरून शिवलेल्या छोट्या पिशव्या घ्या. रबरी चेंडू दिवाणाखाली गेला की अर्धा वेळ वाकण्यातच जातो.

काठीवर ताटली फिरत नाही? अख्खा हात फिरवताय. फक्त मनगट फिरवा, आधी सावकाश, मग जोरात. वेग आला की एकदम थांबा. काठीचं टोक आपोआप मधल्या खळग्यात बसतं.

जमिनीलगतच्या तारेवर कोल्हापुरी घालून चढू नका, गुळगुळीत तळ घसरतोच. दालनातले लोक सांगतील तसं पायताण घाला किंवा काढा. पावलांकडं न बघता तारेच्या टोकाकडं बघा, गुडघे सैल ठेवा, हात खांद्याच्या रेषेत पसरा. पसरलेल्या हातांमुळं तोल हळू जातो आणि सावरायला सवड मिळते. सोबतच्या माणसाचा खांदा मात्र आवळू नका, नाहीतर दोघंही खाली.

तळहातावर काठी ठरत नसेल तर ती आखूड असेल. लांब घ्या, नजर शेंड्यावर ठेवा. घरी खराटा उलटा धरून बघा: जड बाजू वर असली की तो सावकाश कलतो. फक्त पंखा बंद करा.