घराची आर्किटेक्चरल आणि आरसीसी ड्रॉइंग कशी वाचावीत

घर बांधायला काढल्यावर मालकाच्या हाती सहसा तीन प्रकारचे नकाशे येतात: परवानगीसाठी मंजूर झालेला नकाशा, आर्किटेक्टची वर्किंग ड्रॉइंग आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरची आरसीसी (म्हणजे सळई घातलेल्या काँक्रीटची) ड्रॉइंग. पाया आणि सळई यांचा तपशील मंजूर नकाशात नसतो, म्हणून साइटवरचे काम उरलेल्या दोन संचांवरूनच चालते. प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यातील चौकटीत तारीख, रिव्हिजन क्रमांक आणि ‘गुड फॉर कन्स्ट्रक्शन’ (यावरून बांधकाम करायला हरकत नाही) हा शिक्का आहे ना, हे आधी पाहावे. जुनी रिव्हिजन साइटवरून काढून घ्यावी, कारण मिस्त्री हाताला लागेल तो कागद उघडतो.

प्लॅन म्हणजे खिडक्यांच्या उंचीवर घर आडवे कापून वरून पाहिलेले चित्र, आणि सेक्शन म्हणजे उभा छेद. सेक्शन नेमका कुठून घेतला आहे, हे प्लॅनवरील बाणांवरून कळते. कागदावर पट्टी लावून माप काढू नये. छपाईत कागद लहानमोठा होतो, म्हणून लिहिलेले मापच खरे धरावे.

दोन्ही संचांना जोडतात त्या ग्रिड लाइन, म्हणजे कॉलमच्या जागा ठरवणाऱ्या आडव्या-उभ्या संदर्भरेषा. एका दिशेला अंक आणि दुसऱ्या दिशेला अक्षरे असतात. दोन्ही ड्रॉइंगमध्ये त्यांच्यामधील अंतरे जुळली पाहिजेत. त्यानंतर प्रत्येक कॉलमची दिशा तपासावी, आणि माझ्या मते लाइनआउटच्या (जमिनीवर घराची आखणी करण्याच्या) वेळी याहून महत्त्वाचे काम नाही. २३० × ४५० मिमीचा कॉलम आडवा फिरवून उभा केला, तर तो भिंतीबाहेर डोकावतो एवढ्यावरच भागत नाही. त्याच्या दोन दिशांतील ताठरपणात जवळजवळ चौपट फरक असतो, त्यामुळे इंजिनिअरने ज्या दिशेला बळ धरलेले असते, तिथेच तो दुबळा पडतो. बीमची खोलीही सेक्शनशी ताडून पाहावी. मजल्याची उंची ३००० मिमी आणि बीम ७५० मिमी खोल असेल, तर त्याखाली २२५० मिमीच उरतात, आणि आर्किटेक्टने तिथे २४०० मिमी उंचीपर्यंत जाणारी खिडकी दाखवली असेल, तर हा पेच सेंटरिंग (काँक्रीट ओतण्यासाठीचा साचा व टेकू) लागण्यापूर्वीच दोघांकडून लेखी सोडवून घ्यावा.

सळईची भाषा थोडक्यात लिहिलेली असते. ‘८ @ १५० सी/सी’ म्हणजे ८ मिमी व्यासाची सळई, मध्यापासून मध्यापर्यंत १५० मिमी अंतरावर. बीमच्या तक्त्यात ‘थ्रू’ सळया पूर्ण लांबीत जातात, तर ‘एक्स्ट्रा टॉप’ कॉलमजवळ वरच्या बाजूला टाकतात, कारण सलग बीममध्ये आधारावर ताण वर येतो. छज्जा आणि गॅलरी यांतही मुख्य सळई वरच असते. काँक्रीट ओतताना माणसांच्या पायांखाली ती दबून खाली गेली, तर टेकू काढताच छज्जा कोसळू शकतो, म्हणून तिच्याखाली पुरेशा खुर्च्या (सळई वर उचलून धरणारे सळईचेच आधार) आहेत याची स्वतः खात्री करावी. दोन्ही दिशांना भार वाहणाऱ्या स्लॅबमध्ये मधल्या भागात लहान बाजूला समांतर जाणारी सळई सर्वांत खाली येते.

उरलेल्या बऱ्याच गोष्टी ‘जनरल नोट्स’मध्ये असतात आणि त्या सहसा कोणी वाचत नाही. काँक्रीटची ग्रेड, सळयांच्या जोडाची लांबी व जागा, आणि कव्हर (सळईबाहेरच्या काँक्रीटच्या थराची जाडी) तिथेच सापडते. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकानुसार पायाला किमान ५० मिमी आणि सामान्यतः कॉलमला ४० मिमी कव्हर लागते. स्लॅब-बीमचे कव्हर हवामानानुसार ठरते, म्हणून कोकण किनाऱ्यावरील घराला पुण्यातील घराची नोट लावू नये. भूकंपरोधक तपशील मागितलेला असेल, तर रिंगांचे (मुख्य सळयांभोवती बांधलेल्या कड्यांचे) हुक १३५ अंशांत आत वळलेले हवेत. बाथरूमच्या जागी स्लॅब किती खाली उतरवायचा, हे रेघांनी भरलेल्या चौकोनाशेजारी लिहिलेले असते. तो आकडा आर्किटेक्टच्या प्लॅनमधील फ्लोअर लेव्हलशी ताडूनच काँक्रीटचा दिवस ठरवावा.