एकहाती अ‍ॅनिमेशन फिल्म: आधी आवाका मोजून घ्या

एकट्याने अ‍ॅनिमेशन फिल्म करायला निघालेल्या माणसाला मी आधी गोष्ट विचारत नाही. किती सेकंदांची, एवढंच विचारते. उत्तर बहुधा "असेल आठ-दहा मिनिटांची" असं येतं. मग कागद-पेन घेऊन बसावं लागतं.

सेकंदाला २४ फ्रेम. एकेक चित्र दोन फ्रेम टिकवलं, म्हणजे 'टूज'वर काम केलं, तर सेकंदाला १२ चित्रं. दोन मिनिटांना १,४४० आणि दहा मिनिटांना ७,२००. शिवाय एका चित्रावर हात एकदाच फिरत नाही. आधी रफ, मग क्लीनअप म्हणजे स्वच्छ रेघ, मग रंग. होल्ड (एकच चित्र बराच वेळ थांबवणं) आणि लूप (तीच चित्रं पुन्हापुन्हा फिरवणं) वापरून हा आकडा बराच खाली येतो हे खरं, पण होल्डच्या भरवशावर दहा मिनिटं कबूल करू नयेत. पहिली फिल्म दोन मिनिटांच्या आत ठेवा, यावर मी अडून बसते.

इथे कुणीतरी हमखास गिंट्स झिल्बालोडिसचं नाव काढतं. लातवियाच्या या पठ्ठ्याने २०१९ मध्ये 'अवे' ही ७५ मिनिटांची फिल्म एकट्याने पूर्ण केली, संगीतासकट. बरोबर. पण ती थ्रीडीत आहे, म्हणजे प्रत्येक चित्र हाताने काढलेलं नाही, तिच्यात संवाद नाहीत, पात्रं मोजकीच आहेत, आणि तरीही तिला साडेतीन वर्षं लागली. त्याआधी त्याने बऱ्याच शॉर्ट फिल्म केल्या होत्या. त्याचं उदाहरण घ्यायचं तर हे सगळंच घ्या.

लांबी ठरली की गोष्टीतल्या महाग जागा शोधायच्या. लिहिताना सगळीच वाक्यं सारख्या किमतीची वाटतात. "तो धावत आला आणि त्याने तिला मिठी मारली" हे एकच वाक्य, पण त्यात पाय दिसणारी धाव आहे आणि एकमेकांत गुंतलेली दोन शरीरं आहेत. ते लिहायला पाच सेकंद, काढायला पंधरवडा. चार पायांचे प्राणी, गर्दी, पाणी, उडणारे कपडे, एका हातातून दुसऱ्या हातात जाणारी वस्तू, लिपसिंक म्हणजे संवादाबरोबर हलणारे ओठ, पात्राभोवती फिरणारा कॅमेरा, हे सगळं महाग. स्वस्त काय? पापणी लवणं, सावली, पाठमोरं पात्र, कमरेवरची फ्रेम आणि फ्रेमबाहेरून येणारा आवाज. आवाजाला तर एकट्या माणसाने देव मानावं. बाहेर काच फुटल्याचा आवाज आणि आत दचकलेला चेहरा, काम झालं. काच काढायची गरजच नाही.

उदाहरण म्हणून समजा, रात्रपाळीचा वॉचमन आणि त्याच्या दिव्याभोवती घिरट्या घालणारा पतंग. वॉचमन बसलेला आहे, त्यामुळे चालणं नाही. खोली एक, रात्र एक. दिव्याच्या गोलाबाहेर अंधार, म्हणजे बॅकग्राउंडचा मोठा भाग काढायचाच नाही. पतंगाचं उडणं दोन-तीन लूपमध्ये भागतं. दोघं एकमेकांशी बोलणार नाहीत हे उघडच आहे. आता यात वॉचमनची बायको, तिचा फोन आणि पहाटेचा बाजार आणायचा मोह होईल. फोन आणा, पण फक्त त्याची रिंग. बाजार राहू दे.

मग सगळे शॉट एका तक्त्यात टाका: क्रमांक, सेकंद, पात्रं, बॅकग्राउंड नवं की जुनं, आणि अवघडपणाची श्रेणी अ, ब किंवा क. अ म्हणजे घाम काढणारा. अ श्रेणीचे शॉट पाचाच्या वर गेले तर गोष्टीला पुन्हा हात घाला. तिथे "करू कसंतरी" म्हणू नका.

यानंतर अ‍ॅनिमॅटिक, म्हणजे स्टोरीबोर्डची कच्ची चित्रं वेळेत बसवून केलेला व्हिडिओ. काड्यांची माणसं चालतील, पण वेळ अचूक हवी आणि कामचलाऊ आवाज लावलेला हवा. कापाकापी इथेच करून घ्यायची. स्टोरीबोर्डमधला शॉट काढून टाकताना काही वाटत नाही. रंगवलेला शॉट काढून टाकताना जीव जातो, आणि म्हणून तो नको असूनही फिल्ममध्ये बसून राहतो. अ‍ॅनिमॅटिक कुणाला तरी दाखवा, मध्ये न बोलता, काही न समजावता. जिथे ते मोबाइलकडे बघतात तिथे खूण करा.

आता वेळापत्रक. ते अंदाजाने मांडू नका. ब श्रेणीचा तीन सेकंदांचा एक शॉट निवडा आणि रफपासून रंग, एक्सपोर्टपर्यंत पूर्ण करा, घड्याळ लावून. समजा आठ तास लागले. दोन मिनिटांत असे चाळीस तुकडे, म्हणजे ३२० तास. आठवड्याला खरोखर आठ तास मिळत असतील तर ४० आठवडे. "खरोखर" म्हणजे गेल्या महिन्यात मिळाले तेवढे. सुट्टीत मिळतील असं वाटतं ते नव्हे. त्यावर निम्मे आणखी धरा, कारण साउंड, एडिट, श्रेयनामावली आणि दुरुस्त्या या हिशेबात नाहीत. झाले ६० आठवडे. आकडा झेपत नसेल तर शैली बदला: आकृत्यांच्या बॉर्डर काढून टाका, सावल्या सोडा, टूजऐवजी थ्रीजवर जा म्हणजे सेकंदाला आठच चित्रं, किंवा कटआउट रिग करा, म्हणजे पात्राचे सुटे भाग जोडून तेच हलवायचे. फ्रेंच अ‍ॅनिमेटर एमिल कोलने १९०८ मध्ये 'फँटॅस्मागोरी' केली ती काळ्यावर पांढऱ्या रेषांत, जवळजवळ बॅकग्राउंडशिवाय. ती आजही बघवते.

सॉफ्टवेअरवर मी फार बोलत नाही. ब्लेंडरमधलं ग्रीस पेन्सिल, क्रिता, ओपनटून्झ, तिन्ही फुकट आहेत. ज्यात हात बसलाय ते घ्या, आणि फिल्म सुरू असताना नवं शिकायला जाऊ नका.

काम पहिल्या शॉटपासून सुरू करू नका. सुरुवातीच्या आठवड्यांत हात गरम व्हायचा असतो, त्यामुळे मधले ब आणि क शॉट आधी घ्या. पहिला आणि शेवटचा शॉट सगळ्यात उशिरा, कारण बघणारा चित्राची जात तिथेच ओळखतो. आणि तक्त्यात एक रकाना जास्तीचा ठेवा: "हा गेला तर चालेल का?" ज्यांच्यापुढे "हो" आहे ते शॉट रांगेत शेवटी टाका. वेळ संपत आली की सोडायचे ते हेच.