डायरीनं पकडलेली माझी चूक

दर जानेवारीत हौसेनं डायरी आणायची आणि संक्रांतीनंतरची पानं कोरीच राहायची, हा माझा शिरस्ता. गेल्या वर्षी पानभर लिहायचा हट्ट सोडला. ऑफिसातून निघण्याआधी तीनच ओळी: काय केलं, कुठे अडलं, कशानं चिडचिड झाली. (तिसरी ओळ कायम लांबायची!)

दिवाळीच्या सुट्टीत पानं चाळली, तर दर महिन्याच्या १९ तारखेला तेच रडगाणं: खरेदीची बिलं जुळेनात. जीएसटीआर-२बी, म्हणजे पुरवठादारांनी जीएसटी पोर्टलवर चढवलेल्या बिलांचा तक्ता, १४ तारखेला तयार होतो; ३बी, म्हणजे महिन्याचं जीएसटी विवरणपत्र, भरायची मुदत २०. मधले दिवस मीच घालवत होते. आता १५ लाच जुळवणीला बसते, बिल न चढवलेल्या पुरवठादारांना लगेच फोन लावते. परवा साहेबांनी आणखी चार क्लायंट सोपवले. कविता मात्र वर्षभरात एकच झाली, तीही अर्धी.